आतलं बेरिंग

दौलतनं आम्हाला फसवलं. दौलत म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ, तेव्हा यवतमाळच्या एका मोटार गॅरेजात मिस्त्री होता. फसवलं ते एका ट्रेलरच्या चाकांत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी हिवाळ्याबद्दल, कापसाबद्दल, रस्त्यांबद्दल लिहिणार आहे आणि असलं काही वाचताना माणसं मऊ होतात. मला कुणी मऊ झालेलं नको आहे.

दिवाळी सरली की आर्णीच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या सुरू होतात. माझं भांड्यांचं दुकान याच रस्त्यावर आहे. पूर्वी लाकडी चाकांच्या गाड्या जायच्या, त्यांचा खडखडाट नाल्यापलीकडूनच ऐकू यायचा. अलीकडे टायरच्या गाड्या आल्या. त्या मुक्यानं जातात. बैलांच्या गळ्यातले घुंगरू तेवढे वाजतात आणि मागून पांढरा डोंगर हलत जातो. वाटेतल्या बाभळी गाड्यांचा कापूस ओढून घेतात आणि महिनाभर त्या काट्यांवर कापूस फुटल्यासारखा दिसतो. वाऱ्यानं उडालेला थोडा माझ्या पायरीवर येऊन बसतो. सकाळी झाडताना मी तो वेचून ठेवते. कापूस फेकवत नाही माझ्यानं.

परवा अशीच एक टायरची गाडी समोरून गेली. मी एका बाईशी गंजाचा भाव करत होते. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. सौदा तुटायला आला होता आणि मला तो आवाज ऐकू आला. दाताखाली वाळू यावी तसा. बारीक, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी. मी हातातला गंज खाली ठेवला, रस्त्यावर गेले आणि गाडीवानाला म्हटलं, "भाऊ, उजव्या अंगाचं चाक उतरव. आतलं बेरिंग गेलं तुयं."

तो हसला. "मावशी, तुमी गंज इका. चाकातलं तुमाले काय समजते?"

मी त्याचा हात धरला आणि चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीवर ठेवला. चटका बसून त्यानं तो झटकन मागे घेतला. मग तो हसला नाही. तिकडे माझं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. मी पुष्कळ वेळ रस्त्यावरच उभी राहिले. चाकातलं मला काय समजतं आणि का समजतं, हे त्या पोराला कसं सांगणार होते मी.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते पांढऱ्या कपड्यांतच. घरात शिरले, खांद्यावरचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाले, आजपासून गावची कामं बंद. गावची कामं म्हणजे मेलेलं जनावर ओढून नेणं, निरोप घेऊन पळणं, पाटलांच्या अंगणात हाक येईपर्यंत उभं राहणं. गावानं आम्हाला मारलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. फक्त कुणाच्याही शेतात आमच्यापुरतं काम उरलं नाही. निंदणाला गेलं तर बाया पुरेशा झालेल्या असत. वेचणीला गेलं तर कापूस फुटायचा असे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून फुटलेलं पांढरंफेक वावर डोळ्यांनी दिसत असे आणि मालक सांगे, अजून फुटायचा आहे, दोन आठवड्यांनी या.

अशा वेळी दौलत आला. अंगात खाकी, नखांत काळं तेल, बोलणं एकदम शहरी. नागपुरात तो मामंजींच्या बाजूला उभा होता, त्यामुळे मामंजींना त्याचा शब्द म्हणजे सख्ख्या मुलाच्या शब्दाहून वरचढ. तो म्हणाला, "मामा, घर गावात असलं तं गाव सुटत नाही. घरच चाकावर बांधा."

लढाईच्या वेळचा लष्करी ट्रेलर होता तो. लिलावातून गॅरेजात आलेला, हिरव्या रंगाचा, दोन चाकी, रबरी टायरचा. जीपच्या मागे जोडायचा आकडा दौलतनं कापून टाकला आणि तिथं बैलांसाठी लांब दांडी बसवली. नात्यात भाव करू नये म्हणतात. मी केला. दुपारभर केला. दौलत हसत राहिला, घाम पुसत राहिला, आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "वयनी, तुमी तं मले नागवं करून पाठवता." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मग त्यानं चाकाची टोपी उघडून दाखवली. आत बेरिंग चकचकत होतं, ताज्या ग्रीसमध्ये बसलेलं. त्यानं चाक उचलून फिरवलं. ते फिरत राहिलं, आवाज नाही, अडखळणं नाही. मामंजी त्या फिरत्या चाकाकडे पोरासारखे पाहत होते.

मी भाजी घेताना टोपलीच्या तळाशी हात घालून पाहणारी बाई आहे. पण एका चाकात दोन बेरिंगं असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक बाहेरचं, टोपी काढली की दिसणारं. दुसरं आतलं, चाक पुरतं उतरवल्याशिवाय न दिसणारं. सगळा भार त्या आतल्यावर असतो. दौलतनं बाहेरची दोन्ही नवी ठेवली. आतली दोन्ही चांगली काढून घेतली आणि त्यांच्या जागी भंगारातली बसवली, झिजून सैल झालेली, वरून भरपूर ग्रीस थापून. ग्रीस आहे तोवर भंगारही मुकं राहतं.

किसननं, माझ्या नवऱ्यानं, त्या ट्रेलरवर खोली उभारली. खोक्यांच्या फळ्या आणि पत्रा. एका बाजूला खिडकी, मागे दार, दारात बसायला पायरी. आत भांड्यांची मांडणी आणि तिच्याखाली मामंजींची झोपायची फळी. आम्ही त्याला डबा म्हणत होतो. मामंजींनी आपल्या वाट्याचा वावराचा तुकडा विकून बैलजोडी घेतली. म्हणजे मागे काही ठेवलंच नाही. निघायच्या दिवशी ते मागच्या पायरीवर बसले, गावाकडे तोंड करून, आणि शेवटचं कडुलिंबाचं झाड दिसेनासं झालं तेव्हा आत पाहून किसनला म्हणाले, "आता हे चाक गावाकडं वळवू नको. मी मेलो तं रस्त्याच्या कडंले गाड, पन त्या अंगनात मले पुन्हा उभं करू नको."

किसन म्हणाला, "नाही वळवनार, बाबा."

त्या हिवाळ्याचे पहिले दिवस मला आजही अंगावर घेतल्यासारखे आठवतात. पहाटे डब्याच्या पत्र्यावर दव जमायचं आणि ऊन लागलं की खिडकीच्या कडेनं ओघळायचं. बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघायची. तुरीच्या पिवळ्या फुलांतून रस्ता जायचा. मामंजी पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला 'जय भीम' घालायचे. कुणी उत्तर द्यायचं, कुणी तोंड फिरवायचं, कुणी गोंधळून 'राम राम' म्हणायचं. त्यांना तिन्हीत सारखीच मजा वाटायची. चालत्या घरातून माणूस नमस्कार घालतो आणि उत्तराची वाट पाहायला थांबत नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जमत होतं.

आम्ही जर्मनची भांडी विकायचो. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. वेचणीच्या बायांना मजुरी कापसातच मिळते, म्हणून कापसावर भांडं द्यायचं. बाया संध्याकाळी वावरातून ओच्यात, फडक्यात, डोक्यावर कापूस घेऊन यायच्या आणि मी डब्याच्या पायरीवर दुकान मांडायची. बोरी अरबच्या बाजारात एक म्हातारी होती, तिचं आणि माझं दर बाजाराला जुंपायचं. ती गंज उलटासुलटा करायची, बोटानं वाजवायची आणि म्हणायची, "एवढ्याशा गंजाले एवढा कापूस? काय वं, सोन्याचा हाय का?"

मी म्हणायची, "कापूस तं मालकाचा, आजी. तुया जीव कायले तुटते?"

"मालकाचा असन. कंबर माहीच होती."

मग मी मूठभर कापूस तिला परत करायची आणि ती तो घेतल्यावर आणखी एक मूठ उचलायची. दोघींनाही ठाऊक असायचं की असंच होणार आहे. ते भांडण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भांडण होतं. डब्यात रात्री कापसाचा ढीग असायचा आणि आम्ही त्यावरच झोपायचो. सरकीचा तो तेलकट, उबदार वास अजून माझ्या नाकात आहे. हंगाम आला की तो आधी नाकात येतो, मग रस्त्यावर.

चाक डुलायला लागलं ते दारव्ह्याच्या रस्त्यावर. आधी मला वाटलं बैल तिरका चालतो आहे. डावा बैल संध्याकाळपर्यंत फेसाळून जायचा आणि उजवा कोरडा. किसन बैलांच्या जागा बदलून पाही. मग टायर एकाच अंगानं झिजायला लागला. मग ट्यूब फाटली. ती चिकटवली, पुन्हा फाटली. चिकटवायचं रबर संपलं. टायर सपाट घेऊन आम्ही एका बाभळीखाली बसलो होतो आणि आमच्याकडे मालापेक्षा जास्त काही होतं तर तो कापूस. किसन बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. माझ्या महिन्याभराच्या घासाघिशीचा कापूस, सरकीसकट, त्यानं काठीनं टायरात कोंबला. ठोकून ठोकून, गादी भरावी तसा. वाटेनं जाणारे गाडीवान थांबून पाहत होते. एक म्हणाला, "लोक कापूस गाडीवर नेतात, हे चाकात नेऊन राह्यले." सगळे हसले. मामंजीही हसले. मलासुद्धा हसू आलं आणि मग रडू आलं, म्हणून मी चूल मांडायला निघून गेले.

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला आपली डागडुजी आपल्यालाच करावी लागते. जॅक नव्हता. दगडांची चवड रचायची, बाभळीचं जाड खोड तिच्यावर आडवं टाकायचं, त्याचं एक टोक आसाखाली सरकवायचं आणि दुसऱ्या टोकावर मी आणि मामंजी बसायचो. आमच्या वजनानं डबा उचलला जायचा. किसन खाली हात घालून काम करायचा आणि आम्ही दोघं श्वास रोखून, न हलता, पाखरांसारखे खोडावर. मामंजींना खोकला आला की मी त्यांचं तोंड दाबायची. चाकाच्या नटाची खीळ तुटली तेव्हा माझ्या अंबाड्यातला आकडा तिथं गेला. धूळ आत जाऊ नये म्हणून मी माझ्या चपलेचं चामडं गोल कापून दिलं आणि पुढचा महिना अनवाणी चालले. तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या चकत्या कापून सैल जागेत बसवल्या. प्रत्येक वेळी चाक थोडं सरळ व्हायचं आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं की आता झालं. दोन गावं जायची, आणि पुन्हा तेच डुलणं. आतलं बेरिंग तसंच झिजत होतं. आम्ही बाहेरच्या बाजूनं जीव काढत होतो.

एका गावात आम्ही लोहाराकडे गेलो. त्याच्या भात्यासमोर गाड्यांची रांग होती, हंगामच तो. गावच्या लोहाराचं गावाशी ठरलेलं असतं. शेतकरी खळ्यावर त्याला वर्षाचं धान्य घालतात आणि वर्षभर तो त्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवतो, फाळ शेवटतो, म्हणजे तापवून ठोकून धार काढतो. आधी गावाचं काम, मग बाहेरच्याचं, तेही वेळ उरला तर. त्यानं मान वर न करता विचारलं, कोणत्या गावचे. किसननं गावाचं नाव सांगितलं.

"मंग तुमच्या गावच्या लोहाराकडं न्या."

"गाव सोडलं आमी, दादा."

आता त्यानं मान वर केली. "गाव सुटते का कोनाचं?" त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच नवल वाटलं होतं. मग त्यानं मामंजींचे पांढरे कपडे पाहिले, आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. आम्ही निदान सांडशी तरी मागितली. ती त्यानं हातात न देता जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "झाली की इथंच उन्हात ठेवजा." आम्ही ती उचलली, वापरली आणि आमचा विटाळ जायला उन्हात ठेवली. माझं तोंड तेव्हा बाजारात पन्नास माणसांना पुरून उरायचं. त्या दिवशी ते उघडलं नाही. भाव करायला समोर वस्तू लागते. तिथं काय होतं ज्याचा मी भाव करणार होते?

ग्रीस संपलं होतं. ते फक्त यवतमाळला मिळायचं, आणि आम्ही यवतमाळपासून दूर होतो, चाक रोज गरम होत होतं. किसननं मग जे केलं ते आमच्या भागातल्या कोणत्याही गाडीवानानं केलं असतं. प्रत्येक बैलगाडीखाली बांबूची एक नळी टांगलेली असते आणि तिच्यात ओंगण असतं. एरंडीच्या तेलात जळक्या चिंध्यांची राख कालवून केलेलं ते वंगण. लाकडी चाकाला ते पिढ्यान् पिढ्या घातलं आहे, त्यावर चाक लोण्यासारखं फिरतं. किसननं एका गाडीवानाकडून नळीभर ओंगण मागून घेतलं आणि चाकात भरलं, बोटांनी, मायेनं, आजारी माणसाला तेल चोळावं तसं. मामंजी शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनीच म्हटलं, भरपूर भर.

बोरी अरबच्या अलीकडे, नदीच्या उतारावर, चाक निखळलं. मोठा आवाज झाला नाही. डबा एका बाजूला सावकाश बसला, थकलेलं जनावर बसतं तसा, आणि आतली सगळी भांडी एकदम घरंगळली. ती बराच वेळ वाजत राहिली. मामंजी पायरीवरून पडले नाहीत, नुसते जमिनीवर आले. बैल उभेच होते.

चाक पुरतं उतरलं तेव्हा आम्ही आतलं बेरिंग पहिल्यांदा पाहिलं. बाहेरचं घासलेलं होतं, राखेनं काळवंडलेलं होतं, पण अजून गोल होतं. आतल्याची कडी एका बाजूला कागदासारखी पातळ झाली होती आणि तिच्यात जुना गंज होता, वर्षांचा गंज, लोखंडात खोल गेलेला. एका हिवाळ्यात असा गंज चढत नाही. मी भंगार विकत घेतलं आहे, विकलं आहे, मला गंजाचं वय कळतं. मी दुसरंही चाक उतरवायला लावलं. तिथंही तेच. आसाचं टोक झिजून गेलं होतं. ते कातून नवं करायचं तर यवतमाळला, आणि तिथं ते करू शकणारा आमच्या ओळखीचा माणूस एकच.

मी ती बेरिंगं फडक्यात बांधली आणि आम्ही दौलतकडे गेलो. त्याच्या वस्तीतली चार वडीलधारी माणसं निवाडा करायला बसली. दौलतनं बेरिंग हातात घेतलं, बोट फिरवलं, बोटाला लागलेली काळी राख सगळ्यांना दाखवली आणि मामंजींकडे वळला.

"मामा, यानं बेरिंगात ओंगण घातलं. राख घातली, राख. लोखंड खाते ते. आता मी काय करू?"

कुणीतरी म्हणालं, "बैलगाडी समजला काय गा, किसन?" आणि माणसं हसली. मी गंजाबद्दल बोलले. ओरडून बोलले. चाक त्याआधीपासून डुलत होतं हे सांगितलं. दौलत शांतपणे म्हणाला, "वयनी, तुमी भाव लय पाडला, तरी मी माल देला. नात्याकडं पाहून देला." आणि बसलेल्यांपैकी सगळ्यात वयस्कर माणूस मला समजुतीनं म्हणाला की बाई, घरातलं घरात राहू दे, बाहेर लोक टपलेले आहेत आपल्यावर हसायला. त्यात खोटं काही नव्हतं. लोक टपलेले होतेच. म्हणून मी गप्प बसायचं, कारण मी बोलले तर सगळ्यांची मान खाली जाणार. दौलतच्या सोबत मलाच माझ्या माणसांनी बांधून टाकलं.

किसननं बेरिंगं पुन्हा फडक्यात बांधायला घेतली. राख त्यानं घातली होती, हे खरं होतं, आणि खऱ्या माणसाला तेवढं पुरतं गप्प व्हायला. मामंजी मुलाकडे पाहत होते. ती नजर मी पाहिली आहे. त्यानंतर ते किसनशी कधीच बोलले नाहीत.

डबा नदीकाठी राहिला. पुन्हा गेलो तेव्हा पत्रे नव्हते, टायर नव्हते, कुणीतरी टायर फाडून आतला कापूससुद्धा नेला होता. वणीकडे खाणीत काम मिळेल असं कुणी म्हणालं, पण मामंजींचा खोकला वाढला होता आणि त्यांना घेऊन रस्त्यावर उघड्यानं राहता येत नव्हतं. आम्ही बैल हाकत गावाकडे निघालो. शिवेवर मामंजी थांबले. मला वाटलं परत फिरतात. कुठे फिरणार होते? ते आमच्या मागून, बरंच अंतर ठेवून चालत आले.

पाटलांनी आम्हाला अंगणात पाहिलं आणि म्हणाले, "आले का? बरं झालं. सावलीत बसा." गोठ्यात काम दिलं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी आठवण करून दिली नाही. त्या गोड बोलण्याचा राग माझ्या पोटात अजून आहे. शिवी दिली असती तर मी परत केली असती.

तो सगळा उन्हाळा मामंजी झोपडीच्या दारात बाजेवर पडून होते आणि किसन समोर बसलेला असतानाही मला म्हणायचे, "शेवंता, त्याले सांग, बैल उन्हात हायेत." किसन ऐकायचा, उठायचा, बैल सावलीत बांधायचा आणि परत येऊन तिथंच बसायचा. मी मग म्हणायची, बांधले. मी आयुष्यभर दोन माणसांमधलं अंतर बोलून बोलून कमी केलं, तेच माझं पोट आहे. त्या दोघांमधलं अंतर मात्र मला बोटभरही हलवता आलं नाही.

एकदा मी धीर करून मामंजींना सगळं सांगितलं. गंज, आतली कडी, दोन्ही चाकं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दौलत माह्या बहिनीच्या पोटचा हाय. नागपुरात माह्या बाजूले उभा होता. थो असं करन? राख घालताना मी माह्या डोयानं पाह्यलं. दौलतनं काय केलं हे तू पाह्यलं का?"

मी पाहिलं नव्हतं.

पाऊस लागायच्या आधी ते गेले. त्या दिवशी सकाळी किसन गोठ्यात होता. मामंजींनी मला जवळ बोलावलं, "त्याले सांग," म्हणाले, आणि मग छपराकडे पाहत राहिले. मी वाट पाहिली. काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही. किसन आला तेव्हा त्यानं आधी तेच विचारलं, बाबा काही बोलले का. मी म्हणाले, "बैल सावलीत बांध म्हने." तो उठून बाहेर गेला. बैल सावलीतच होते.

पुढच्या कापसाच्या हंगामात मी टोपली डोक्यावर घेऊन पुन्हा भांडी विकायला लागले. दारव्ह्याकडच्या एका जिनिंगच्या फाटकाशी बसले होते. तिथला ड्रायव्हर जीप आणि ट्रेलर धूत होता. जॅकवर उचललेल्या चाकाला पाय लावून तो फिरवून पाहत होता आणि चाक आवाज न करता फिरत होतं. मी म्हटलं, भाऊ, चाक मस्त चालते तुमचं. तो खुशीत आला. म्हणाला, "दौलत मिस्त्रीनं आतले बेरिंग टाकून देले. मिलिटरीचा माल हाय. एका हिरव्या ट्रेलरातून काढले म्हने, एका देहातीले इकला थो."

मी टोपली उचलली आणि घरी आले. किसनला सांगितलं. तो बैलाला पाणी दाखवत होता. बादली खाली ठेवून त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "आता कोनाले सांगू? ज्याले सांगाचं होतं थो नाही."

त्यानंतर किसननं चाकाला हात लावलेला नाही. आर्णीत आम्ही दुकान केलं, माझ्या जिभेवर केलं, टोपलीची मांडणी झाली, मांडणीचं दुकान झालं. ग्रीसचे डबेही ठेवते मी. टायरच्या गाड्यांची चाकं लोक माझ्याकडे आणतात, मी पदर खोचून आतलं बेरिंग काढून दाखवते, ग्रीस भरून देते. माणसांना गंमत वाटते. किसन अशा वेळी दुकानाच्या मागे जाऊन बसतो. मला ते दिसतं. मी काही करू शकत नाही.

आमच्या वस्तीत आता विहार झाला आहे. त्याच्या बांधकामाला दौलतनं मोठा हातभार लावला. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, केस पांढरे झालेत, माणसं त्याला दौलतराव म्हणतात. पौर्णिमेला तो यवतमाळहून येतो, पुढे बसतो, आणि पंचशील तोच सांगतो. आम्ही सगळे त्याच्या मागून म्हणतो. दुसरं शील येतं, जे आपल्याला दिलेलं नाही ते मी घेणार नाही, ते तो खणखणीत आवाजात म्हणतो. किसन मागच्या रांगेत बसलेला असतो आणि त्याच्या मागून तेच म्हणतो, हळू आवाजात, मान खाली घालून. दर पौर्णिमेला मी हे ऐकते.

दौलत, हे तू वाचशील किंवा कुणीतरी तुला वाचून दाखवील. मी तुझ्याकडे बेरिंग मागत नाही, भरपाई मागत नाही. एका बापानं मरेपर्यंत आपल्या मुलाशी बोलणं टाकलं, ते तुझ्या शब्दावर टाकलं. येत्या पौर्णिमेला दुसऱ्या शीलाशी थांब. मागे वळ, किसनकडे तोंड कर, आणि सगळ्यांच्या देखत सांग, चाक कशानं मोडलं.